सोन्यावरची काच

देऊळगाव राजाला आश्विनात बालाजीची यात्रा भरते. त्या दिवसांत पाहुण्यारावळ्यांनी घर भरायचे आणि आजीची पेटी उघडायची. पेटीत एक लहानसे सोन्याचे पदक होते. आजीच्या आजेसासूबाईंनी ते काशीयात्रेहून आणलेले. पुढून साधे, पण उलटे केले की पांढऱ्याशुभ्र जमिनीवर गुलाबी कमळ. मी सातवीत असताना पदकाची कडी तुटली. सोनाराने कडीला टाका लावला, दागिना पाण्यात टाकला, आणि कमळाच्या दोन पाकळ्या टवका उडून गेल्या. आजी हळहळली. तेव्हा तो सहजपणे म्हणाला, "रंग उडाला, आजी. सोनं तर जागच्या जागी आहे ना!"

हे वाक्य मला पुढे अनेकदा आठवले. कारण उडाला तो रंग नव्हता, ती काच होती. सोनाराची फार चूक होती असेही मला आज वाटत नाही. आमच्या भागातल्या कारागिराच्या हाताखाली मीन्याचा दागिना कितीसा येणार? ठुशी, वजरटीक, पाटल्या, एकदाणी हे आपले नेहमीचे दागिने सोने, मोती आणि घडाई यांवर उभे आहेत. मीना आपल्याकडे आला तो बहुतेक बाहेरून, यात्रेकरूंच्या गाठोड्यातून किंवा सरदार घराण्यांच्या पेट्यांतून.

काच मात्र आपल्याला नवी नव्हती. देऊळगाव राजापासून फार दूर नसलेल्या भोकरदनला १९७३ साली उत्खनन झाले. प्राचीन भोगवर्धन ते हेच. सातवाहन काळच्या थरांत तिथे काचेचे मणी मिळाले. मंगळसूत्रातले काळे मणी आजही काचेचेच असतात. (निसर्गाने तर त्याच्याही कितीतरी आधी, आमच्याच जिल्ह्यात लोणारला, उल्केच्या आघाताने बेसाल्टची काच करून ठेवली आहे.) सोने होते, काच होती, दोन्ही वितळवण्याची भट्टी होती. मग सोन्यावर काच वितळवून बसवण्याची कला भारतात ठळकपणे दिसायला सोळावे शतक का उजाडावे?

जगाच्या इतिहासातही हीच अडखळ दिसते. तुतनखामेनच्या सुप्रसिद्ध सुवर्णमुखवट्यावरचे निळे पट्टे काचेचे आहेत, पण ती काच कापून खाचेत बसवलेली आहे, तिथे वितळवलेली नाही. सोन्यावर वितळवलेल्या काचेचे अगदी जुने नमुने म्हणजे सायप्रसमधील कूक्लिया येथे सापडलेल्या सहा अंगठ्या. त्या इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातल्या आहेत. तिथून पुढे ही विद्या कधी फुलली, कधी मावळली.

अडचण कुठे आहे ते थोडे गणित करून पाहू. सोने एक अंश सेल्सिअस तापवले की त्याची लांबी दर दहा लाख भागांत सुमारे १४ भाग वाढते. चांदीसाठी हा आकडा १९, तांब्यासाठी १७ आणि खिडकीच्या साध्या काचेसाठी ९ च्या आसपास. समजा २० मिलिमीटर रुंदीच्या पदकावर आपण साधी काच वितळवली. थंड होताना ती घट्ट झाली, आणि तिथून दोघे ५०० अंश खाली आले. सोने ०.१४ मिलिमीटरने आकसेल, काच ०.०९ ने. फरक ०.०५ मिलिमीटरचा. डोळ्यांना हा फरक दिसणारही नाही, पण काचेला तो सोसत नाही. ती तडकते किंवा पापुद्र्यासारखी सुटते.

म्हणून मीन्याची काच वेगळी करावी लागते. तिच्यात वाळूबरोबर शिसे, सोडा किंवा पोटॅश आणि टाकणखार यांचे प्रमाण असे राखतात की ती धातूपेक्षा किंचितच कमी आकसावी. 'किंचितच' हा शब्द महत्त्वाचा आहे. काच दाब उत्तम सहन करते, ताण मुळीच नाही. धातू जरासा जास्त आकसला तर तो काचेला चहूबाजूंनी दाबून धरतो आणि ती उलट बळकट होते. दुसरी अट तापमानाची. ही काच साधारण ७५० ते ८५० अंशांना वितळून पसरली पाहिजे, कारण सोन्याचा द्रवणांक १०६४ अंश, चांदीचा ९६१, आणि भेसळीच्या सोन्याचा त्याहून खाली. काच वितळेपर्यंत दागिनाच बसला तर उपयोग काय?

आता आजीच्या पदकाचे काय झाले ते कळते. फुंकणीच्या ज्योतीने सोने एका जागी झटकन तापले, पसरले आणि वरच्या काचेला ताणू लागले. मग पाण्यात बुडवताच काचेचा पृष्ठभाग आधी आकसला. ताणावर ताण. काचेच्या गरम पेल्यात थंड पाणी ओतल्यावर होते तेच. म्हणूनच मीनाकाराच्या कामात सगळे टाके आधी लागतात, भट्टी नंतर.

आपल्याकडचा खात्रीचा जुना लेखी उल्लेख अकबराच्या काळातला. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त दागिन्यांच्या कारागिरांमध्ये मीनाकार येतो. 'मीना' हा शब्दच फारसी. आमेरचा राजा मानसिंह याने लाहोरहून मीनाकार आणून वसवले असे जयपूरची परंपरा सांगते. १८८६ मध्ये जेकब आणि हेंडली यांनी जयपूरच्या मीनाकामावर ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यातला हेंडली हा पेशाने डॉक्टर होता!

जयपुरी पद्धतीत सोन्यावर आधी नक्षी खोदतात. खोदलेल्या खळग्याच्या तळाशी बारीक रेघा मारतात. त्यामुळे काचेला पकड मिळते आणि प्रकाशही उजळून परत येतो. पारदर्शक मीन्यातून किरण आत जातो, सोन्यावरून परततो आणि पुन्हा त्याच रंगातून बाहेर येतो, म्हणून लाल-हिरवा इतका खोल दिसतो. पाण्यात खललेली काचेची पूड भरायची, वाळवायची, भाजायची. ज्या रंगाला सर्वांत जास्त आच लागते तो आधी, नाजूक रंग शेवटी. पांढरा पहिला, लाल अखेरचा. क्रम चुकला तर आधीचे काम वाहून जाते. द्रवणांकाचे तक्ते नसताना हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या हातात राहिला, याचे मला फार कौतुक वाटते.

रंग येतात धातूंच्या ऑक्साइडांतून. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा किंवा आकाशी, कथिलाच्या ऑक्साइडचा अपारदर्शक पांढरा. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेतली टाकणखार-मणी परीक्षा आठवा. तारेच्या वेटोळ्यात टाकणखार वितळवून त्याला कोबाल्टच्या क्षाराचा कण लावला की निळा मणी होतो. तांब्याचा मणी ज्योतीच्या बाहेरच्या भागात निळसर होतो आणि आतल्या भागात धरला तर लाल. विद्यार्थी हे पाठ करतात आणि विसरतात. "हा तुम्ही केलेला मीना" असे सांगून पाहा. मात्र मीन्याची जुनी पूड वर्गात हाताळू नये. तिच्यात शिसे असते.

गुलाबी रंगाची गंमत वेगळी. बनारसचा 'गुलाबी मीना' खोदून भरलेला नसतो, तर पांढऱ्या मीन्यावर कुंचल्याने रेखून पुन्हा भाजलेला असतो. त्यातला गुलाबी येतो खुद्द सोन्यापासून. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे सोन्याचे कण काचेत विखुरले की ते हिरवा प्रकाश शोषतात आणि उरलेला लालसर दिसतो. सतराव्या शतकात युरोपात आंद्रेआस कासियुसच्या नावाने हा रंग प्रसिद्ध झाला. १८५७ मध्ये मायकेल फॅरडेने अशा सूक्ष्म सोन्याचा अभ्यास मांडला, आणि अशा कलिलांवरील कामासाठी रिचर्ड झिग्मोंडीला १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे आजीच्या कमळातून जे उडाले त्यातही सोने होते! तोलण्याइतके नाही, हे सोनाराच्या बाजूने मान्य करायला हवे.

तोलण्यावरूनच पुढचा इतिहास घडला. दागिना मोडीत गेला की काचेचे वजन वजा होते. मीना तेवढा तोट्याचा. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि नवे दागिने १४ कॅरटच्या वर करायला बंदी झाली. १४ कॅरट म्हणजे शेकडा ५८ भाग सोने. अशा तांबेमिश्रित सोन्यावर भट्टीत काळसर ऑक्साइड येते आणि पारदर्शक मीन्याचे तेज मरते. ही अट १९६६ मध्ये उठली, १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, पण मधल्या काळात अनेक सोनारांनी हत्यारे खाली ठेवली होती. बनारसच्या गुलाबी मीन्याला २०१५ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला.

आज बाजारातल्या स्वस्त पैंजणांवर आणि कानातल्यांवर जे लाल-हिरवे दिसते ते पुष्कळदा काच नसून राळेसारखे कृत्रिम रेझिन असते. भट्टी नको, थोड्या उष्णतेत घट्ट होते. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला मीना म्हणून विकू नये. भिंगातून पाहिले तर वापरलेल्या रेझिनवर बारीक ओरखडे दिसतात आणि काही वर्षांत ते पिवळटते. काचेचा मीना शंभर वर्षांनीही तसाच चकचकीत असतो, मात्र पडला तर टवका उडतो. एनॅमलच्या जुन्या मगाला पोचा आला की तिथली पांढरी काच उडून खालचे लोखंड दिसते, तसाच.

गेल्या वर्षी घरात ते पदक मोडून नव्या बांगड्यांत घालायची गोष्ट निघाली. आईने वजन करून आणले, मीना वजा जाता येणारी रक्कमही विचारली. मी तिला भिंग दिले आणि उरलेल्या तीन पाकळ्या दाखवल्या. एकेका पाकळीत केसाएवढ्या पंधरा-वीस रेघा आहेत. बराच वेळ ती पाहत होती. मग तिने पदक पुन्हा कापसात गुंडाळले. कडीला आता टाका नाही, रेशमी दोरा आहे.