मरी : उंटवाल्यांच्या गावातला एक थांबा

जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आपल्यातली बरीच कुटुंबे गाडी काढून उत्तरेच्या वाळवंटाकडे जातात. डिकीत पाण्याचे कॅन, जास्तीचे चाक आणि चिवड्याचा डबा असतो. ॲडलेडपासून सुमारे ६८५ किलोमीटरवर, फ्लिंडर्सच्या डोंगररांगा मागे पडल्या की मरी नावाचे गाव लागते. नाव ऐकून मरीआई आठवेल, पण तिचा इथे काही संबंध नाही. वस्ती शंभराच्या आतबाहेर. एक जुने दुमजली हॉटेल, पेट्रोल मिळणारे दुकान आणि रुळांच्या कडेला उभी असलेली जुनी इंजिने. इथून दोन प्रसिद्ध कच्चे रस्ते फुटतात, एक बर्ड्सव्हिलकडे जाणारा आणि दुसरा उडनाडाटाकडे जाणारा. प्रवासी टाकी भरतात, टायरची हवा बघतात आणि पुढे निघतात. माझी विनंती अशी की इथे निदान दोन तास थांबा. या देशातल्या आपल्या माणसांच्या इतिहासाचे एक जुने पान या गावात आहे.

हा मुलूख मुळात अरबाना आणि दियेरी या आदिवासी लोकांचा. वाळवंटात जमिनीखालून वर येणारे झरे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते आणि त्या झऱ्यांच्या माळेवरूनच त्यांचे व्यापाराचे मार्ग जात. १८५९ मध्ये जॉन मॅकडूअल स्टुअर्टच्या मोहिमेतल्या हेरगॉट नावाच्या जर्मन माणसाला इथला झरा दिसला, म्हणून गोऱ्यांनी गावाला ‘हर्गॉट स्प्रिंग्स’ म्हटले. १८८४ मध्ये रेल्वे इथपर्यंत आली. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन नावे नकोशी झाली, तेव्हा १९१८ मध्ये ‘मरी’ हे नाव कागदोपत्री आले.

रेल्वे आली, पण तिच्या पुढे शेकडो किलोमीटर काहीच नव्हते. दूरच्या मेंढवाड्यांना आणि खाणींना पीठ, साखर, चहा, तारेची भेंडोळी, पत्रे पोचवायचे आणि येताना लोकरीचे गठ्ठे आणायचे. घोड्याला आणि बैलाला रोज पाणी लागते. उंट पाण्यावाचून कित्येक दिवस चालतो, वाटेतली खारट झुडपे खातो आणि धडधाकट नर चारशे ते सहाशे किलो ओझे वाहतो. मग उंट आणायचे कुठून? हिंदुस्थानातून. आणि उंट आणले तर ते हाकणारी माणसेही तिथूनच आणावी लागणार.

सुरुवात १८६० मध्ये झाली. बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी जॉर्ज लँडेल्स याने हिंदुस्थानातून चोवीस उंट आणि त्यांच्यासोबत काही उंटवाले मेलबर्नला आणले. १८६६ मध्ये थॉमस एल्डर या धनिकाने शंभरावर उंट आणि एकतीस उंटवाले पोर्ट ऑगस्टा बंदरात उतरवले आणि बेल्टाना इथे उंटांची पैदास सुरू केली. १८७० ते १८७२ या काळात दक्षिणोत्तर तारायंत्राची लाइन टाकली गेली, तिचे सामान वाहण्यात हे उंट होते. १८७३ मध्ये विल्यम गॉस उलुरूवर चढला, तेव्हा त्याच्यासोबत कामरान नावाचा उंटवाला होता. १९२०च्या दशकापर्यंत दोन ते चार हजार उंटवाले इथे येऊन गेले असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

या सगळ्यांना गोऱ्यांनी एकच नाव दिले, ‘अफगाण’. त्याचे आखूड रूप ‘घान’. प्रत्यक्षात त्यांत पठाण होते, बलुची होते, सिंधी होते, पंजाबी होते. त्यांतले कितीतरी जण ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रजाजन होते. उंट चढवले जात ते मुख्यतः कराची बंदरात. आता आपल्या तरुण वाचकांना बहुधा ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. म्हणजे कराचीचा कारभार मुंबईच्या गव्हर्नरच्या हाताखाली चाले आणि मराठी कारकून, शिक्षक, अधिकारी तिथे नोकरीला जात. सिंधच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या नारायण जगन्नाथ वैद्यांच्या नावाची शाळा कराचीत अजून आहे. उंटवाल्यांत कोणी मराठी होता असे मी म्हणत नाही. पण ज्या बंदरातून ते निघाले, ते आपल्या पणजोबांच्या नकाशात मुंबईच्याच इलाख्यात होते.

आता मरीत फिरून बघा. मधून गेलेल्या रुळांनी गावाचे दोन भाग केले होते. एका बाजूला गोऱ्यांची घरे, हॉटेल, दुकाने. दुसऱ्या बाजूला उंटवाल्यांची ‘घान टाउन’ आणि आदिवासींची वस्ती. उंटवाल्यांनी तिथे मातीची मशीद बांधली आणि खजुराची झाडे लावली. मूळ मशीद पडली, आता तिची प्रतिकृती उभी आहे, लहानशी, मातीची, गवती छपराची. दफनभूमीतही निरनिराळे भाग आहेत. जिवंतपणीचे अंतर माणसांनी मेल्यावरही राखले होते, हे तिथे उभे राहिल्यावर कळते.

या गावात बेजा दरवेश नावाचा एक बलुची राहत असे. हिंदुस्थानी फौजेत नोकरी करून तो १८९० मध्ये फ्रीमँटलला उतरला. १८९६ च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत तो उंटांचा प्रमुख होता. त्या मोहिमेतले दोघेजण वाळवंटात तहानेने मेले. मोहीमप्रमुख लॉरेन्स वेल्स याने बेजाच्या कामगिरीबद्दल त्याला आपला होकायंत्र भेट दिला. १९३९ मध्ये सेसिल मॅडिगन याने सिम्पसन वाळवंट ओलांडले, तेव्हा बेजाचा मुलगा जॅक त्याच्या तुकडीत उंट सांभाळत होता. बेजा १९५७ मध्ये वारला.

ज्या देशाची ओझी या लोकांनी वाहिली, त्या देशाने त्यांना काय दिले? बहुतेकांना करारावर आणले होते आणि बायकामुले मागे ठेवावी लागत. १९०१ च्या कायद्याने श्रुतलेखनाची परीक्षा आली. अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेतले पन्नास शब्द सांगणार आणि आलेल्या माणसाने ते लिहायचे. नापास केले की दार बंद. १९०३ च्या कायद्याने आशियाई लोकांना नागरिकत्वाचा रस्ताही बंद झाला. आईबापांना भेटायला गावी जायचे तर परत येता यावे म्हणून सवलतीचा दाखला काढावा लागे. त्यावर समोरून आणि बाजूने काढलेला फोटो आणि हाताच्या पंज्याचा ठसा असे. हे दाखले राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेले आहेत. व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आलेल्या आपल्यासारख्यांनी ते पंजे एकदा बघावेत.

पुढे मोटारलॉऱ्या आल्या आणि उंटांचे काम संपले. १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने नोंद नसलेले उंट मारण्याचा कायदा केला. अनेक उंटवाल्यांच्याने आपल्या हाताने वाढवलेल्या जनावरांवर गोळी झाडवली नाही. त्यांनी दाव्याच्या दोऱ्या सोडल्या आणि उंट वाळवंटात हाकलून दिले. आज रस्त्यात दिसणारे रानटी उंट हे त्यांचेच वंशज. रेल्वेचेही तसेच झाले. १९८० मध्ये नवी लाइन दुसऱ्या मार्गाने गेली आणि मरीचे स्टेशन ओस पडले. ॲडलेड ते डार्विन धावणाऱ्या आलिशान गाडीचे नाव मात्र ‘द घान’च राहिले आणि तिच्या बोधचिन्हावर उंट आणि उंटस्वार आहेत.

आपल्या मंडळांच्या स्मरणिकांत आपला इतिहास सहसा १९७०च्या दशकापासून सुरू होतो. गोऱ्यांपुरतेच स्थलांतराचे धोरण १९७३ मध्ये संपले, डॉक्टर आणि इंजिनिअर आले, गणपती बसले. हे खरेच आहे. पण इथे जन्मलेला नातू विचारतो, “आजोबा, आपले लोक इथे कधीपासून आहेत?” तेव्हा १९७० हे उत्तर अपुरे आहे. काहीजण म्हणतील, ते तर मुसलमान, आज पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मोडणाऱ्या मुलखांतले. आपला काय संबंध? माझे म्हणणे इतकेच की १९०१ च्या कायद्याने असा भेद केला नव्हता. फेरीवाला शीख, उंटवाला बलुची, दुकानदार हिंदू, सगळ्यांना तीच परीक्षा आणि तेच बंद दार होते. ते दार ज्यांच्या तोंडावर लागले, त्यांना परके म्हणून ते नंतर उघडल्याचा आनंद तेवढा आपण साजरा करावा, हे मला पटत नाही. त्याच वेळी हेही लक्षात ठेवू की उंटांचे तांडे ज्या झऱ्यांवर पाणी पीत, ते झरे दुसऱ्या कोणाचे होते. उंटवाल्यांच्या मार्गानेच त्या लोकांची भूमी त्यांच्या हातून गेली, आणि त्याच लोकांत लग्ने करून अनेक उंटवाल्यांचे संसारही उभे राहिले.

मरीला जाणे जमत नसेल, तर ॲडलेडमध्येच लिटल गिल्बर्ट स्ट्रीटवर १८८८-८९ मध्ये बांधलेली मशीद आहे. म्हाताऱ्या झालेल्या कित्येक उंटवाल्यांनी आपले शेवटचे दिवस तिच्या आवारातल्या खोल्यांत काढले. ब्रोकन हिलला गेलात, तर तिथे पत्र्याची छोटी मशीद संग्रहालय म्हणून जपली आहे. त्या मशिदीतला एक जाडजूड ग्रंथ वर्षानुवर्षे कुराण म्हणून ठेवलेला होता. इतिहासकार सामिया खातून यांनी तो उघडून वाचला, तेव्हा ते बंगाली काव्य निघाले. आपली लिपी आणि भाषा जाणणारी माणसे अशा ठिकाणी थांबली की नुसत्या वाचण्यानेही इतिहास दुरुस्त होतो.

तेव्हा पुढच्या जुलैत मरीला पोचलात की टाकी भरून झाल्यावर मुलांना घेऊन रूळ ओलांडा. खजुराच्या झाडांखाली चिवड्याचा डबा उघडा, मग दफनभूमीपर्यंत चालत जा आणि तिथल्या दगडांवरची नावे मुलांना मोठ्याने वाचायला सांगा.