भोगवर्धनच्या बाजारात शंख

बाजूला व्हा, मागून बैलगाड्या येताहेत! सावरलात? छान. आता बघा कुठं आलात ते. भोकरदनच, पण दोन हजार वर्षांपूर्वीचं. तेव्हा त्याला भोगवर्धन म्हणतात. केळना नदी तीच, पायाखालची काळी मातीही तीच, आणि ऊन आजच्याइतकंच बेरकी.

घुंगरांचा खळखळाट, नाकातोंडात धूळ, शेणाचा आणि घामाचा दर्प. त्यात मधूनच एक वास येतो, जो जालना जिल्ह्यात यायलाच नको: सडक्या मासळीचा. समुद्र तर कितीतरी दिवसांच्या वाटेवर. मग तुमच्या पुढ्यात गाडीवरचं एक पोतं उसवतं आणि खडखड करत शंख रस्ताभर घरंगळतात.

एक उचला. जड आहे ना? देवघरातला पांढराशुभ्र शंख आठवू नका. याच्या अंगावर अजून तपकिरी साल आहे. कच्छच्या आखातात किंवा थेट दक्षिणेत मन्नारच्या आखातात, वाळूत हा सरपटायचा. सात्त्विक वगैरे अजिबात नव्हता, वाळूतले किडे खायचा! वास येतो तो आतल्या वेढ्यात अडकून राहिलेल्या त्याच्याच मांसाचा.

कानाला लावायचा मोह आवरत नाहीये? लावा. गाज ऐकू येते, पण ती समुद्राची नाही. भोवतीचाच गलका शंखाच्या पोकळीत घुमतो, त्यातले काही सूर मोठे होऊन कानावर येतात. म्हणजे तुम्ही ऐकताय ते लोहाराचे घण, बैलांचं हंबरणं आणि भाव करणाऱ्या बायका.

चला, कारागिराच्या पडवीत. करवतीची करकर दातांत शिरते. पांढरी भुकटी पापण्यांवर बसते आणि वास येतो दाताच्या डॉक्टरनं दाढेला यंत्र लावल्यावर येतो, अगदी तसा. साहजिकच आहे, दातातही खनिज आणि प्रथिनं, शंखातही. हे खनिज म्हणजे चुन्याचंच रूप, पण त्याच्या बारीक पात्या थराथरांत एकमेकींना आडव्या बसलेल्या असतात. तडा एका थरातून निघतो आणि दुसऱ्यात अडतो. म्हणून हातोडीनं भलतेच तुकडे पडतात. बांगडी हवी तर कापतच बसावं लागतं, घाम गाळत.

कारागीर टोक उडवतो. ते टोक म्हणजे शंखाचं बाळपण. याची पिल्लं पाण्यात तरंगत फिरत नाहीत. मेंढ्याच्या शिंगासारख्या पीळदार अंडकोशातून इवलासा शंख पाठीवर घेऊनच बाहेर सरपटतात. ते घर आयुष्यभर टाकायचं नाही, फक्त तोंडाशी वाढवत न्यायचं. त्यामुळे टोकाकडची निमुळती कडी त्याच्या लहानपणीची आणि तोंडाकडची रुंद कडी थोरपणीची. बाजारातही तसंच वाटप होतं: लहान कडं पोरीला, मोठं आईला. मधला दांडा ठोकून काढतात. त्याचे मणी होतात, म्हणजे तोही वाया जात नाही.

घ्या, ही बांगडी हातात घालून बघा. घासून घासून गुळगुळीत केलेली, उन्हातही गारेगार. कारागीर काहीतरी बोलतो. प्राकृत आहे, अर्धंमुर्धं कळतं. भाव मात्र पूर्ण कळतो. खिशातला फोन दाखवू नका, इथं स्कॅन करायला काही नाही. त्याला हत्तीचं चित्र असलेलं नाणं हवंय.

नाणं नाही म्हणून तुम्ही घाईनं बांगडी काढता आणि ती मनगटावरच मोडते. कारागिराचा आवाज चढलाय, शेजारचा हस्तिदंत कोरणारा मान वर करून बघतोय. तुकडे मागच्या उकिरड्यावर टाका आणि पळा. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांची माणसं इथं खणायला येणार आहेत, ती घेतील नीट वेचून.