न चिकटणाऱ्या साच्याचा चिकट पूर्वज

केक भाजून झाला की सिलिकोनचा साचा उलटा करायचा आणि मोज्यासारखा सोलून काढायचा. सुरी फिरवायची नाही, बूड ठोकायचं नाही. ज्या पदार्थाला आज ‘काही चिकटत नाही’ म्हणून मागणी आहे, तो मात्र प्रयोगशाळेत पहिल्यांदा दिसला तो काचेच्या भांड्यांना धरून बसणारा चिकटा म्हणून. ज्यानं तो बनवला, त्याला तो नकोच होता.

फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग हे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे प्राध्यापक. विसाव्या शतकाच्या आरंभी ते कार्बनच्या जागी सिलिकॉन हे मूलद्रव्य बसवून नवी संयुगं तयार करत होते. कीटोन नावाच्या संयुगांसारखंच काही हाती येईल या अपेक्षेनं त्यांनी 1901 च्या सुमारास ‘सिलिकोन’ हा शब्द वापरला. रचना पुढे वेगळीच निघाली, नाव तेवढं टिकलं. किपिंगना हवे होते स्वच्छ, मोजता येणारे स्फटिक. पदरी पडायचे ते तेलकट, डिंकासारखे गोळे. जवळजवळ चार दशकं या विषयात घालवूनही 1936 साली रॉयल सोसायटीच्या बेकेरियन व्याख्यानात त्यांचा सूर निराशेचाच होता: या शाखेत नजीकच्या काळात महत्त्वाचं काही घडेल असं त्यांना वाटत नव्हतं.

त्याच सुमारास अमेरिकेतली एक काच कंपनी त्या चिकट्याकडे आशेनं पाहत होती.

ती कंपनी कॉर्निंग. भट्टीत जाणाऱ्या भांड्यांशी तिचं नातं जुनं. 1913 साली तिथले शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांनी बॅटरीच्या काचेच्या बरणीचं बूड कापून घरी नेलं आणि पत्नी बेसी यांनी त्यात स्पंज केक भाजला. 1915 मध्ये बाजारात आलेल्या पायरेक्सच्या भांड्यांचा उगम तो. पण 1930 च्या दशकात प्लॅस्टिक पुढे येऊ लागलं, तेव्हा काचेची उष्णता सोसण्याची ताकद आणि प्लॅस्टिकचा लवचिकपणा एकत्र आणता येईल का, हा प्रश्न कंपनीनं जे. फ्रँकलिन हाइड या रसायनशास्त्रज्ञाकडे सोपवला. काचतंतूंच्या विद्युतरोधक पट्ट्यांना उष्णतेत न जळणारं रेझिन हवं होतं. हाइडनी किपिंगचे निबंध काढून वाचले.

सिलिकोनचा कणा कार्बनचा नसतो. सिलिकॉन आणि ऑक्सिजन आळीपाळीनं गुंफलेले असतात, वाळूत आणि काचेत असतात तसेच. तापमान सोसण्याची ताकद तिथून येते. या कण्याला दोन्ही बाजूंनी कार्बन-हायड्रोजनचे मिथाइल गट लटकलेले असतात. त्यांच्यामुळे पाणी आणि पिठाचा घोळ अंगाला धरत नाही. कणा सहज वळतो, म्हणून रबर लवचिक. अशी लांब साखळी किपिंगना वारंवार भेटली, पण स्फटिक शोधणाऱ्याच्या दृष्टीनं ती अडगळ होती.

स्वस्तात बनवण्याची युक्ती 1940 च्या मे महिन्यात सापडली. जनरल इलेक्ट्रिकमधल्या यूजीन रोचो यांनी तांब्याच्या सान्निध्यात तापवलेल्या सिलिकॉनवरून मिथाइल क्लोराइडचा वायू नेला आणि सिलिकोनचा कच्चा माल थेट हाती आला. जर्मनीत रिचर्ड म्युलर स्वतंत्रपणे त्याच वाटेनं पोचले. आजही उद्योग मुख्यतः याच प्रक्रियेवर चालतो. 1943 मध्ये कॉर्निंग आणि डाऊ केमिकल यांनी मिळून डाऊ कॉर्निंग काढली. तिच्या पहिल्या मालांपैकी एक होतं उंचावरून उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या इंजिनांतल्या ठिणगी-यंत्रणेला ओलाव्यापासून जपणारं वंगण.

युद्ध संपलं आणि सिलिकोन बेकरीत शिरलं, पण साचा म्हणून नाही. अमेरिकेतल्या पावाच्या कारखान्यांत पत्र्याच्या साच्यांना आतून सिलिकोन रेझिनचा लेप देऊ लागले, म्हणजे प्रत्येक घाण्याआधी चरबी फासायचं काम वाचलं. पुढे फ्रान्सच्या देमार्ल कंपनीनं काचतंतूंच्या जाळीवर सिलिकोन चढवून ‘सिलपॅट’ ही चटई आणि मग ‘फ्लेक्सिपॅन’ हे मऊ साचे आणले. पत्र्याचा आधार गळला, लेपच भांडं झाला. निव्वळ सिलिकोन रबराचे रंगीत साचे घरोघरी पोचले ते त्यानंतर.

साचा वापरण्या-जपण्याचे नियमही याच घडणीतून निघतात. सिलिकोनची उष्णतावहनाची क्षमता ॲल्युमिनियमच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याइतकी, म्हणून केकची कड पत्र्याच्या भांड्यातल्यासारखी खरपूस होत नाही. मऊ साचा भरल्यावर उचलला तर वाकतो. घोळ ओतण्याआधीच तो सपाट ट्रेवर ठेवावा. उष्णतेची मर्यादा बहुधा 220 ते 230 अंश सेल्सियस असते, ती वेष्टनावर पाहावी. गॅसची ज्योत किंवा ग्रिलची लालभडक सळी त्याला सोसत नाही. पेटलाच तर मागे सिलिकाची पांढरी राख उरते.

मिथाइल गट पाण्याला दूर ठेवतात, तेलाला मात्र जवळ करतात. तूप-तेलाचा पातळ थर धुतल्यावरही राहतो, पुढच्या वेळी भट्टीत भाजला जातो आणि काही दिवसांनी साचा हाताला चिकट लागतो. अशा वेळी कढत पाण्यात भांड्यांचं द्रव साबण घालून भिजवावा, मग खायच्या सोड्याचा लेप लावून मऊ स्पंजनं घासावा. तारेची घासणी आणि सुरी दूर ठेवावी, कारण ओरखड्यात स्निग्धता मुरते. उग्र वासाचं साबणही टाळावं. लसणाच्या पावासाठी वापरलेला साचा केकला न घेतलेला बरा.

नव्या साच्याला येणारा वास बहुधा रबर पक्कं करताना मागे राहिलेल्या बाष्पशील अंशांचा. पेरॉक्साइड वापरून पक्कं केलेल्या रबरात असे अवशेष राहतात. प्लॅटिनम उत्प्रेरकाची पद्धत त्या मानानं स्वच्छ. उरलेले अंश उडून जावेत म्हणून चांगले कारखाने तयार साचे काही तास भट्टीत तापवून घेतात. जर्मनीतल्या जोखीम-मूल्यांकन संस्थेच्या शिफारशीनुसार 200 अंशांवर चार तास ठेवल्यावर साच्याच्या वजनात 0.5 टक्क्याहून जास्त बाष्पशील घट होऊ नये. धुऊनही वास जात नसेल तर तो साचा भट्टीत घालू नये.

गणपतीच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या बाजारात मोदकाचे सिलिकोन साचेही दिसतात. वितळवलेलं चॉकलेट, जेली, गरम असताना ओतता येणारी बर्फी यांना ते सोयीचे: पदार्थ घट्ट झाला की साचा मागून दाबायचा, कळ्या न मोडता मोदक बाहेर येतो. उकडीचं किंवा घट्ट मळलेल्या माव्याचं काम निराळं. तिथे सारण किंवा गोळा जोर लावून दाबावा लागतो आणि मऊ भिंत त्या जोरानं मागे सरते, कळ्या बसक्या उमटतात. त्यासाठी बिजागरीचा ॲल्युमिनियमचा किंवा कडक प्लॅस्टिकचा साचाच हवा.