डेट्रॉइटचें मीठ व गाड्यांचा गंज

लोखंड खाणींतून निघतें तेंच मुळीं गंजाच्या स्वरूपांत. प्राणवायूशीं जडलेला त्याचा संबंध भट्टीच्या प्रचंड उष्णतेनें तोडावा, तेव्हां कोठें पोलाद हातीं येतें. आणि हवा व पाणी यांची गांठ पडतांच तो जुना संबंध पुन्हा जुळूं लागतो. पोलादाला ही माहेराची ओढ कायमचीच असते. या ओढीचा, आणि ती अडवूं पाहणाऱ्या मनुष्याच्या प्रयत्नांचा इतिहास अमेरिकेंतील जुन्या पिकअप गाड्यांच्या पत्र्यांवर स्पष्ट लिहिलेला आहे.

पिकअप म्हणजे पुढें चालकाची केबिन व मागें उघडा हौदा असलेली छोटी मालवाहू मोटार. प्रारंभीं अमेरिकन शेतकरी साध्या मोटारीच्या मागें सुताराकडून लांकडी पेटी बसवून घेत व तींतून दुधाचे डबे, धान्याचीं पोतीं बाजारास नेत. ही गरज ओळखून फोर्ड कंपनीनें १९२५ सालच्या एप्रिलमध्यें कारखान्यांतच पोलादी हौदा बसविलेली मॉडेल टी गाडी २८१ डॉलरांस विक्रीस काढली. पहिल्या वर्षांतच तशा सुमारें ३४ हजार गाड्या खपल्या. याच सुमारास अमेरिकन कंपन्यांनीं हिंदुस्थानाकडेही दृष्टि वळविली. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला, आणि शेव्हरोले हें नांव मुंबईकरांच्या तोंडीं बसलें.

पहिल्या गाड्यांचा सांगाडा बहुधा लांकडाचा असे व त्यावर पत्रा ठोकलेला असे. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यानें १९१२ सालीं आपला कारखाना काढून संपूर्ण पोलादी देह बनविण्याची पद्धत पुढें आणली. हळूहळू लांकूड मागें पडलें. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या, १९४७ सालच्या शेव्हरोले व १९४८ सालच्या फोर्ड एफ मालिकेच्या पिकअप आज हौशी लोक जिवापाड जपतात. त्यांचे गोल मडगार्ड व फुगीर केबिन हीं प्रचंड दाबयंत्रांत घडविलेल्या पत्र्यांचीं लेणीं होत. पत्र्याची जाडी मात्र साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. आणि जेथें एका पत्र्यावर दुसरा पत्रा चढवून सांधला, तेथें मधल्या फटींत रंग पोंचत नसे. दाराखालचा उंबरा, केबिनचे मागचे खालचे कोपरे, मडगार्डची आंतली कड, पायांखालची जमीन, या जागीं चिखल सांचे, चिखलांत ओल टिके, आणि पत्रा आंतून बाहेर कुजत जाई. वरचा रंग फुगून त्यावर पुळी दिसावी, तोंवर आंतलें पोलाद बहुधा संपलेलें असे.

तरीही निव्वळ पावसानें एवढा घात झाला नसता. खरा घात मिठानें केला. उत्तर अमेरिकेंत हिंवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ सांचतें. मिठामुळें पाण्याचा गोठणबिंदु खालीं उतरतो, म्हणून रस्त्यावर मीठ पसरलें कीं बर्फ वितळतें. न्यू हँपशायर संस्थानांत १९३८ सालीं या उपायाचे प्रयोग झाले. १९४१–४२ च्या हिंवाळ्यांत सबंध देशांतील महामार्गांवर सुमारें पांच हजार टन मीठ पडलें होतें. युद्धानंतर रस्ते बाराही महिने कोरडे व मोकळे ठेवण्याचा आग्रह वाढला. १९५५ च्या सुमारास हें प्रमाण दहा लाख टनांच्या घरांत व १९७० पर्यंत एक कोटि टनांच्या जवळ गेलें. रस्ते सुरक्षित झाले, अपघात टळले, हा लाभ लहान नव्हे. पण खाऱ्या पाण्यांतून वीज सहज वाहते, आणि गंजणें ही मूलतः विद्युत्-रासायनिक क्रिया असल्यामुळें तिचा वेग वाढतो. शिवाय गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो सांध्यांत शिरून पत्रे एकमेकांपासून उपटून काढतो.

येथें इतिहासाचा एक विलक्षण योगायोग ध्यानांत घेण्यासारखा आहे. मोटारधंद्याची राजधानी जें डेट्रॉइट शहर, त्याच्या पोटांतच मिठाची विस्तीर्ण खाण आहे. सुमारें चाळीस कोटि वर्षांपूर्वींचा समुद्र आटून तें मीठ तेथें सांचलें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हजार फुटांहून खोल विहीर खणून तें वर काढूं लागले. प्रारंभीं तें कातडीं कमावण्याच्या व अन्नपदार्थांच्या धंद्यांत जाई. पुढें त्याचा मोठा गिऱ्हाईक रस्ता झाला. ज्या शहरानें पत्रे घडविले, त्याच शहराच्या पोटांतलें मीठ त्या पत्र्यांना खाऊं लागलें!

आतां दुरुस्तीकडे वळूं. जुना कारागीर ॲसिटिलीनच्या ज्योतीनें पत्रा सांधी व खळगा शिशानें भरी. सत्तर भाग शिसें व तीस भाग कथील यांचें मिश्रण १८३ अंश सेंटिग्रेडला वितळूं लागतें, पण पुरतें पातळ होण्यास सुमारें २५५ अंश लागतात. मधल्या अवस्थेंत तें लोण्यासारखें मऊ असतें. तेव्हां चरबी लावलेल्या लांकडी थापीनें तें पत्र्यावर लिंपीत. आपल्याकडील कल्हईवाल्याला ही विद्या परकी वाटली नसती. पण हें काम शिकण्यास वर्षें लागत, आणि शिशाची वाफ व चूर अंगास बाधे.

१९५० नंतरच्या दशकांत रेझिन व शंखजिऱ्याच्या भुकटीची लांबी बाजारांत आली. ती घटकेंत घट्ट होई, कानशीनें घासतां येई, आणि कोणासही वापरतां येई. दुरुस्ती स्वस्त झाली. त्याबरोबर लबाडीही स्वस्त झाली. भोकांत जाळी कोंबावी, वर लांबी थापावी, रंग द्यावा, आणि गाडी विकून मोकळें व्हावें! दोन-तीन हिंवाळ्यांत लांबीचा थर ढलपीसारखा निघे व खालचें भोक पूर्वींपेक्षां मोठें झालेलें दिसे. केबिन जेथें सांगाड्याला जखडलेली असते तेथें अशी लबाडी झाली, तर प्रश्न शोभेचा उरत नाहीं, आंत बसणाऱ्याच्या प्राणांचा होतो.

खरी रीत कष्टाची आहे. प्रथम हातोडीनें पत्रा ठोकून पाहावा. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. मग रोगट भाग कापावा, आणि चकचकीत पोलाद दिसेपर्यंत कापीत जावें. येथें हात आंखडला कीं पुढचें सारें काम फुकट जातें. त्याच जाडीच्या नव्या पत्र्याला हातोडी व हातऐरण यांनीं मूळचा बाक द्यावा व तो कडेला कड भिडवून सांधावा. १९४८ सालीं अमेरिकेंतील बॅटेल संस्थेंत वायूच्या आवरणांत तार वितळवून सांधण्याची पद्धत विकसित झाली. पुढच्या दशकाच्या अखेरीस ती पातळ पत्र्यासही सोयीची झाली. तरी सांधा एका दमांत ओढीत नेल्यास पत्रा तापून वांकडा होतो. म्हणून दूरदूर एकेक टांका घालावा, तो निवूं द्यावा, मग दुसरीकडे जावें. शेवटीं आंतल्या बाजूसही प्रायमर व मेण पोंचवावें.

प्रतिबंधाचें ज्ञान कांहीं नवें नव्हतें. १८२४ सालीं हम्फ्री डेव्ही यानें जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांचें रक्षण जस्त किंवा लोखंडाचे तुकडे जोडून करतां येतें असें दाखविलें होतें. १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यानें लोखंडावर जस्त चढविण्याचें पेटंट घेतलें. जस्त आपण झिजतें व लोखंडाला वांचवितें. असें असूनही मोटारींच्या पत्र्यांवर जस्ताचा मुलामा सर्रास येण्यास १९८० नंतरचें दशक उजाडावें लागलें, कारण त्यापूर्वीं खर्चाचा हिशेब नव्या गाडीच्या विक्रीपाशींच संपत असे. फोर्डनें तर २०१५ सालच्या आपल्या एफ-१५० पिकअपचा देह ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला.

जुन्या गाड्यांना मात्र कारागिराचाच आधार आहे. त्यांतील चांगला कारागीर दाराच्या तळाशीं असलेलीं बारीक भोकें कधींही बुजवीत नाहीं. रंग देतांना तीं भरलीं गेलीं तर तार घालून मोकळीं करतो, कारण आंत शिरलेलें पाणी त्यांच्यावाटेंच बाहेर जातें.