धुण्याच्या दगडापासून धुलाईयंत्रापर्यंत

ज्ञातीचा इतिहास सांगताना आम्ही कर्तबगार पुरुषांची चरित्रे आवर्जून देतो. घरच्या धुण्याचा इतिहास मात्र अलिखितच राहतो. जुन्नर तालुक्यातील राजुरीसारख्या गावी पूर्वी धुणे म्हणजे विहिरीवरचा दगड, रिठा वा सोडा आणि गृहिणीचे दोन हात. मळकट कपडे चुलीवर उकळावयाचे, आपटावयाचे, पिळावयाचे आणि ओल्या धुण्याचे ओझे घेऊन घरी परतावयाचे. इस्त्री असलीच तर ती कोळशाची.

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढे खेडोपाडी तारा पोहोचत गेल्या. विजेची इस्त्री आली. १९८० नंतर मध्यमवर्गीयांच्या घरांत धुलाईयंत्र शिरू लागले. त्याच्या विजेचा हिशेब उद्बोधक आहे. हजार वॅटची इस्त्री सलग तासभर तापत राहिली तर एक युनिट खर्च होते. साडेतीनशे वॅटची मोटर अर्धा तास कपडे घुसळते, तरी पाव युनिटही लागत नाही. परंतु यंत्रातच पाणी तापविणारा हीटर सुमारे दोन हजार वॅटचा असतो. म्हणजे वीज खाते ती मुख्यतः उष्णता; थंड पाण्याचे धुणे स्वस्तच पडते.

शक्ती पूर्वीही खर्च होतच होती. ती सरपणाची आणि आमच्या आजी-मातांच्या पाठीची होती. तिचे बिल कधी कोणास आले नाही, इतकेच. यंत्राने वाचविलेले तास आज लेकीसुनांच्या विद्येस व विश्रांतीस लाभतात, की दुसऱ्याच कामात जातात, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.