दारचे धरणे

कस्तुरबा गांधी मार्गावरून कचेरीस जाताना जंतरमंतरकडे धरणे धरण्यास निघालेली मंडळी आम्हांस पुष्कळदा भेटतात. एके काळी धरणे हे कर्जवसुलीचे हत्यार होते. धनको ऋणकोच्या दारी उपाशी बसे; तो उठेपर्यंत घरधन्यासही जेवण्याची चोरी! पेशवाईत पगार तुंबलेले शिपाईही असेच बसत. देवकोपाचा धाक घालणारे हे धरणे 1860 च्या भारतीय दंडसंहितेने गुन्हा ठरविले. धनकोला न्यायालयाची वाट उरली.

ती वाट कुणब्यास अधिकच जड गेली. दारी बसणारा निदान स्वतः उपाशी राही. हुकूमनामा मिळालेल्या सावकारास तेही कष्ट उरले नाहीत. खतावर निशाणी, एकतर्फी निकाल, मग जप्ती! 12 मे 1875 रोजी सुपे येथे लोकांनी सावकारांवर चाल केली. दंग्याच्या त्या दिवसांत गावोगाव खते जळाली. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने खतामागचा व्यवहार तपासण्यास न्यायाधीशांना सांगितले व कर्जापायी शेतकऱ्याची कैद थांबविली.

1908 च्या दिवाणी संहितेचे 60 वे कलम मात्र आम्हां कारकुनांच्या जिव्हाळ्याचे. पोटगीचा हुकूमनामा सोडल्यास पगाराचे पहिले 1000 रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. स्वयंपाकाची भांडी, शेतकऱ्याचे बैल, बियाणेही नाही. पगारबिलावर जप्तीचा आदेश आला, की आम्ही आधी हेच कलम उघडून बसतो.