खाती तितकी मते

२००७च्या फेब्रुवारीत आइसलँडमधल्या एका कंपनीची तिच्याच ग्राहकांसमोर चांगलीच नाचक्की झाली. रेक्याविकच्या सीसीपी कंपनीने २००३च्या मे महिन्यात ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ सुरू केला होता. न्यू एडन नावाच्या काल्पनिक तारकाविश्वात हजारो खेळाडू एकाच वेळी खनिजे काढतात, जहाजे बांधतात, बाजारभाव चढवतात-पाडतात आणि युत्या करून एकमेकांचे प्रदेश जिंकतात. या जगात कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने दुर्मीळ सामग्री बनवण्याचे मूळ आराखडे परस्पर आपल्या गटाच्या पदरात टाकल्याचे उघड झाले. हा गट ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या तेव्हाच्या सर्वांत बलाढ्य युतीतला. त्यात त्या कर्मचाऱ्याची नोकरीही लगेच गेली नाही, तेव्हा भडका आणखी उडाला.

कंपनीने अंतर्गत चौकशीसाठी वेगळा विभाग काढला. पण पंचच एका संघाकडून खेळतो म्हटल्यावर त्याने स्वतःच नेमलेल्या चौकशीवर कोण विश्वास ठेवणार? मे महिन्यात प्रतिस्पर्धी ‘गूनस्वॉर्म’ युतीने पक्षपाताचे नवे आरोप केले. कंपनीने ते फेटाळले खरे. पण जून २००७मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला तिचे प्रमुख हिल्मार पेतुर्सन यांनी एक अजब बेत सांगितला. खेळाडूंनी आपले प्रतिनिधी निवडायचे आणि त्या प्रतिनिधींनी रेक्याविकला येऊन कंपनीचा कारभार तपासायचा.

खेळातले लोकराज्य हा प्रयोग त्याआधीही झाला होता. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्कमध्ये पॅव्हेल कर्टिस यांनी १९९०मध्ये ‘लॅम्डामू’ हे केवळ शब्दांवर चालणारे जग उभे केले. तिथल्या ‘विझर्ड’ म्हणवणाऱ्या व्यवस्थापकांनी १९९२च्या अखेरीस रहिवाशांच्या भांडणांतून अंग काढून घेतले. पुढे अर्ज आणि मतदानाची पद्धत आली, ठराव पास व्हायला विरोधाच्या दुप्पट मते लागत. भांडणे काही थांबली नाहीत, आणि १९९६मध्ये विझर्डांनी कारभार पुन्हा हाती घेतला. २००४मध्ये ‘द सिम्स ऑनलाइन’मधल्या अल्फाव्हिल शहराची अध्यक्षीय निवडणूक तर अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर गाजली. सत्ताधारी अध्यक्षाविरुद्ध चौदा वर्षांची मुलगी उभी होती. ती ४६९ विरुद्ध ४११ मतांनी हरली, आणि आपल्या समर्थकांना मतच देता आले नाही, अशी तक्रार तिच्या बाजूने झाली. मतपेटी कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न खोट्या शहरातही खराच होता.

सीसीपीने मात्र तयारी गंभीरपणे केली. पेतुर योहानेस ओस्कारसन यांनी थेट राज्यशास्त्रातल्या विचारांचा आधार घेऊन ‘कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट’ या मंडळाचा आराखडा लिहिला. या मंडळाला खेळाडू ‘सीएसएम’ म्हणतात. खेळात टोपणनावाने वावरणाऱ्या उमेदवाराला कंपनीकडे खरी ओळख द्यावी लागे. मे २००८मध्ये नऊ जागांसाठी पहिले मतदान झाले. २४,६५१ मते पडली, म्हणजे सुमारे ११ टक्के. जूनमध्ये पहिले मंडळ रेक्याविकला बैठकीसाठी पोहोचले.

तोपर्यंत हेतू मात्र बदलला होता. लाचलुचपतीवर देखरेख करणारे मंडळ म्हणून जे सुचले, ते प्रत्यक्षात खेळाच्या सुधारणा सुचवणारे सल्लागार मंडळ झाले. हिशेबाच्या वह्या कोणी कोणासमोर उघडल्या नाहीत. या लोकशाहीचे मोजमाप करताना ही घसरण विसरता कामा नये. तिचा जन्म दक्षतेसाठी होता, पण वाढली ती शिफारशींवर.

मताधिकार होता तो खात्याला. महिन्याचे पैसे भरलेल्या, ठरावीक काळ जुन्या झालेल्या प्रत्येक खात्याला एक मत. ईव्हमध्ये मुरलेला खेळाडू दोन-तीन खाती सहज बाळगतो. एक लढायला, एक खाणीवर, एक शत्रूच्या गोटात हेरगिरीला. तितकी त्याची मते. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थेच्या सभासदाला हे चटकन खटकेल, कारण तिथे शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. सीसीपीने सहकाराऐवजी भागभांडवली कंपनीचा न्याय लावला. त्याला व्यावहारिक कारण होते. पडद्यामागचा माणूस ओळखणे अवघड, त्याचे खाते ओळखणे सोपे, आणि पैसे खात्यागणिकच येतात.

त्याहून मोठा प्रश्न गठ्ठा मतांचा. न्यू एडनच्या कडेला ‘नलसेक’ नावाचा कायद्याबाहेरचा मुलूख आहे. तिथे हजारोंच्या युत्या राज्य करतात. त्यांच्याकडे शिस्त असते, निरोप पोहोचवण्याची यंत्रणा असते, आणि रात्री-अपरात्री घड्याळ लावून उठणारे सैनिक असतात. मध्यभागी सुरक्षित प्रदेशात शांतपणे व्यापार करणारे बहुसंख्य खेळाडू मतदानाकडे फिरकतही नसत. २०११मध्ये गूनस्वॉर्मचा म्होरक्या ‘द मिटानी’ सर्वाधिक मतांनी मंडळाचा अध्यक्ष झाला, यात नवल काहीच नव्हते.

आणि गंमत अशी, की मंडळाचे वजन खऱ्या अर्थाने वाढले ते याच गठ्ठेवाल्यांच्या काळात. त्या जूनमध्ये कंपनीने खेळात शोभेच्या वस्तू विकायला काढल्या. एका काचेच्या चष्म्याची, मोनॉकलची, किंमत साठ डॉलरांच्या वर. पाठोपाठ पैशाचा लोभ बरा की वाईट, यावर खल करणारे कंपनीचे अंतर्गत पत्रक फुटले. जिता या मुख्य बाजारपेठेत खेळाडूंनी जहाजांचे थवे जमवून तिथल्या स्मारकावर गोळीबार केला, वर्गण्या रद्द केल्या. कंपनीने मंडळाला तातडीने आइसलँडला बोलावले. लढाईचे पारडे फिरवणाऱ्या वस्तू पैशाने विकणार नाही, असे दोघांच्या वाटाघाटींनंतर जाहीर झाले. ऑक्टोबरमध्ये पेतुर्सन यांनी जाहीर माफी मागितली आणि कंपनीने सुमारे २० टक्के कर्मचारी कमी केले. निवडून आलेल्यांच्या हाती खरे तर कोणताच अधिकार नव्हता. बाहेर चिडलेली गर्दी होती, आणि तिच्याशी बोलू शकणारे हेच होते, म्हणून त्यांचे ऐकले गेले.

२०१२मध्ये मिटानीला दहा हजारांवर मते मिळाली. त्याच वेळी रेक्याविकच्या वार्षिक मेळाव्यात व्यासपीठावर दारूच्या नशेत त्याने एका निराश, आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या खेळाडूला छळण्याची चिथावणी दिली. माफी मागितली, पण ३० दिवसांची बंदी आली आणि तिच्यासोबत मंडळाची जागाही गेली. विक्रमी जनादेश एका संध्याकाळी विरला. तो विरायलाच हवा होता.

या दोन वर्षांच्या अनुभवाने मतदानपद्धतीचा वाद पेटला. जुन्या पद्धतीत एकाच नावावर मत; लोकप्रिय उमेदवाराकडे गरजेपेक्षा जास्त मते साचत आणि छोट्या गटांची विखुरली जात. २०१३च्या निवडणुकीपासून पसंतीक्रमाचे मतदान आले. तेव्हा मतदाराने १४ उमेदवारांपर्यंत क्रम लावायचा होता. कोटा पूर्ण करणाऱ्याची जास्तीची मते पुढच्या पसंतीकडे जातात, तळाचा बाद झाला की त्याचीही जातात. मराठी वाचकाला याचे गणित नवे नाही. विधान परिषद आणि राज्यसभेच्या निवडणुका याच तत्त्वावर होतात. जून २०२२मध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेवर धनंजय महाडिक यांनी संजय पवार यांना मागे टाकले, ते दुसऱ्या पसंतीच्या मतांवर.

आइसलँडलाही ही पद्धत ओळखीची होती, आणि आठवण कडवट होती. नोव्हेंबर २०१०मध्ये घटनासभेच्या २५ जागांसाठी ५२२ उमेदवार उभे राहिले, पसंतीक्रमानेच मतदान झाले. जानेवारी २०११मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. मतपत्रिकांवर क्रमांक होते, मतदानकक्षाला पुठ्ठ्याचे आडोसे होते, मतपत्रिकेची घडी घालू देत नव्हते. गुप्तता राहिली नाही, असे न्यायालयाला वाटले.

ईव्हमध्ये नव्या पद्धतीचा फायदा झाला तो आडवाटेच्या लोकांना. ‘वर्महोल’ म्हणजे नकाशाबाहेरच्या भुयारी प्रदेशात राहणारे थोडके, पण एकजुटीचे खेळाडू. २०१३मध्ये त्यांचे दोघे निवडून आले. गठ्ठेवाल्यांनीही हात टेकले नाहीत. युत्या आता एक नाव देण्याऐवजी आपल्या माणसांना पसंतीक्रमाची तयार यादी देऊ लागल्या, अगदी पॅनेलच्या पत्रकासारखी. पुढच्या अनेक मंडळांत नलसेकचेच बहुमत राहिले. नियमाने मतांची नासाडी थांबते. जे मतदानालाच येत नाहीत, त्यांचे प्रतिनिधित्व कोणत्याही सूत्राने निघत नाही.

कंपनीचा हात मात्र कधी पूर्ण सुटला नाही. नव्या पद्धतीच्या पहिल्याच वर्षी १४ जण निवडून येणार, पण आइसलँडच्या प्रवासाची हमी फक्त पहिल्या दोघांना. बाकी प्रवाशांच्या निवडीत कंपनीचा शब्द चाले. शिवाय निवडून आलेल्याला गुप्ततेच्या करारावर सही करावी लागते, कारण त्याला येणारे बदल आधी कळतात. ही माहिती वापरण्याचा मोह खराच आहे. २००९मध्ये एका सदस्याने अशी माहिती वापरून खेळातल्या बाजारात कमाई केली आणि त्याला पायउतार व्हावे लागले.

दहा वर्षांनी तशाच स्वरूपाचा आरोप ‘ब्रिस्क रुबाल’ या टोपणनावाने खेळणाऱ्या सदस्यावर आला. एप्रिल २०१९मध्ये कंपनीने त्याला मंडळातून काढले, खाती गोठवली आणि तसे जाहीरही केले. तो वॉशिंग्टनमधला वकील आणि व्यावसायिक लॉबिस्ट. गुपिते फोडल्याचा आरोप त्याच्या खऱ्या नावाला आणि पोटाच्या धंद्याला चिकटला. त्याने दाद मागितली. फेरतपासणीत आरोप टिकले नाहीत आणि कंपनीने जाहीर माफी मागितली. नंतर तो पुन्हा उभा राहिला आणि पसंतीक्रमाच्या त्याच मोजणीतून मंडळात परत आला.